युएनच्या समुद्र दशकाचा शिक्का घ्यावा का? (पैसे मिळत नाहीत, आधीच सांगते)

घाईत असाल तर निकाल आधीच ऐका, पाचपैकी साडेतीन स्टार. एक कापला कारण यात एक रुपया मिळत नाही, आणि अर्धा कापला कारण शिक्का मिळाल्यावर दरवर्षीचं रिपोर्टिंग मागे लागतं ते लागतंच. उरलेले साडेतीन मात्र मनापासून दिलेत, आणि त्यातले निम्मे तरी नुसत्या फॉर्मला आहेत. फॉर्मला कोण स्टार देतं असं वाटेल, पण पुढे वाचा.

आधी विषय काय ते. युनायटेड नेशन्सने २०२१ ते २०३० हे समुद्र विज्ञानाचं दशक म्हणून जाहीर केलंय, ठराव डिसेंबर २०१७ मध्ये झाला, आणि ते चालवतं युनेस्कोचा महासागर आयोग म्हणजे आयओसी, त्यांचं ऑफिस पॅरिसला. या दशकाखाली जगातला कुठलाही समुद्राशी संबंधित उपक्रम अर्ज करून अधिकृत दर्जा घेऊ शकतो, मग तुम्ही त्यांच्या यादीत लागता, लोगो वापरायला मिळतो, त्यांच्या नेटवर्कमध्ये येता. ते याला एंडोर्समेंट म्हणतात, आमच्याकडे सगळे 'शिक्का' म्हणतात, तर मीही तेच म्हणते. हिंदी महासागराच्या भागासाठी त्यांचं एक केंद्र आपल्याकडेच आहे, हैदराबादला इनकॉइसमध्ये (हो तेच, त्सुनामीचे इशारे देणारे), त्यामुळे हे अगदी साता समुद्रापलीकडचं प्रकरण नाही.

आमचा प्रोजेक्ट सांगते म्हणजे पुढचं कळेल. सिंधुदुर्गातली रापण माहित असेलच, किनाऱ्यावरून होडीने जाळं नेऊन गोल टाकायचं आणि दोन्ही टोकं माणसांनी किनाऱ्यावर ओढायची, गाव अख्खा दोरीला. तसाच प्रकार श्रीलंकेत आहे, तिकडे मा-दॅल म्हणतात, आणि तिकडे जाळं ओढायला ट्रॅक्टरची विंच लावावी का नाही यावरून चांगलेच वाद झालेत. तर दोन्हीकडच्या रापणींमध्ये रोज काय पडलं, किती पडलं आणि त्या दिवशी पाण्याचं तापमान काय होतं याची नोंद एकसारख्या पद्धतीने ठेवायची, एवढंच. बांगडा आणि तारली कधी येतात, कधी पाठ फिरवतात ते बघायचं. इकडे आम्ही काहीजण, तिकडे श्रीलंकेतल्या एका विद्यापीठाची टीम, आणि डेटा सांभाळायला नॉर्वेतला एक छोटा ग्रुप. पैसा तिन्हीकडून थोडा थोडा, कोणाच्याच खिशात फार नाही.

आता पहिली गोष्ट जी साइट वाचून पटकन डोक्यात शिरत नाही. शिक्का एकच नाहीये, प्रकार आहेत. प्रोग्रॅम, प्रोजेक्ट, ॲक्टिव्हिटी, आणि कॉन्ट्रिब्युशन म्हणजे पैसे, जहाज, माणूस वगैरे देणारे. प्रोग्रॅम म्हणजे एकदम मोठं काम, अनेक देश, अनेक वर्षं, समुद्राचा अख्खा तळ मोजून नकाशा करणारं सीबेड २०३० आहे ना त्या साइजचं. ते अर्ज सल्लागार बोर्डापुढे जातात आणि शेवटचा निर्णय आयओसीच्या एक्झिक्युटिव्ह सेक्रेटरीचा. आपल्यासारख्यांनी तिकडे बघायचं पण नाही. प्रोजेक्ट म्हणजे ठराविक काम, ठराविक मुदत, आणि तो साधारणपणे आधीच मान्यता मिळालेल्या एखाद्या प्रोग्रॅमला जोडून द्यायचा. ॲक्टिव्हिटी म्हणजे एखादी कार्यशाळा, एखादं ट्रेनिंग, एकदा करून संपणारं. माझ्या ओळखीतले निम्मे लोक इथेच गडबडतात, गावातल्या शाळेच्या बीच क्लीनअपला प्रोग्रॅम म्हणून टाकायला निघतात आणि मग युएनला आपली कदर नाही म्हणतात.

प्रोजेक्टसाठी हवा तेव्हा अर्ज करता येत नाही, त्यांचा कॉल निघतो (म्हणजे अर्ज मागवणारी सूचना) आणि त्या कॉलमध्ये लिहिलेलं असतं की या वेळी अमुक अमुक प्रोग्रॅम प्रोजेक्ट शोधतायत. तुमचा विषय त्यातल्या कशात बसला तर टाका, नाहीतर पुढच्या कॉलची वाट बघा. आम्ही काय केलं तर अर्ज उघडायच्या आधीच त्या प्रोग्रॅमच्या कोऑर्डिनेटरला सरळ मेल टाकला, अर्ध्या पानात आमचं काम असं असं आहे, तुमच्यात बसतं का. उत्तर आलं, चांगलं आलं, आणि त्यांनी दोन ठिकाणी काय वाढवायचं तेही सांगितलं. प्रोजेक्टचा अर्ज बघणाऱ्यांत तो प्रोग्रॅम असतोच, त्यामुळे आधी बोलणं म्हणजे वशिला वगैरे नाही, ते अपेक्षितच आहे. हे एकच काम केलंत तरी निम्मी लढाई जिंकलात असं समजा.

बरं आता फॉर्म. नेहमीचे फॉर्म कसे असतात, उद्दिष्ट लिहा, पद्धत लिहा, बजेट लिहा, सीव्ही जोडा. हा पण सुरुवातीला तसाच वाटतो, दशकाची १० आव्हानं आहेत त्यातलं कुठलं ते निवडा वगैरे, ते पटापट होतं. खरी मजा पुढे आहे. त्यांचे निकष असे आहेत की संशोधन ज्यांच्या उपयोगाचं आहे त्यांना आखणीतच घेतलंय का, डेटा सगळ्यांना खुला करणार का, स्थानिक लोकांचं ज्ञान आदराने घेताय का, बायका आणि तरुण संशोधक आणि गरीब देशातले लोक नावापुरते आहेत की खरंच आहेत, आणि कोणाची तरी क्षमता वाढतेय का. कोणी म्हणेल की हे गोड गोड शब्द आहेत, कोणीही चार ओळी लिहून टाकेल. टाकता येतात, नाही असं नाही. पण आम्ही तिघा देशातले लोक कॉलवर बसून हे लिहायला लागलो तेव्हा लक्षात आलं की यातल्या प्रत्येक प्रश्नावर आमच्यातच एकमत नाहीये, आणि ते अर्ज नसता तर दुसऱ्या वर्षी भांडणात कळलं असतं.

स्थानिक ज्ञानाचंच घ्या. नॉर्वेवाल्यांचं म्हणणं की मच्छीमारांची मुलाखत घेऊ, ट्रान्स्क्राइब करू, झालं. मी म्हटलं असं नाही चालणार, ज्यांची माहिती आहे त्यांनी आधी हो म्हटलं पाहिजे आणि काय नोंदवायचं ते त्यांनीही सांगितलं पाहिजे. म्हणून रापणीची जाळी ठेवतात त्या मांगरात बैठक लावली. मी प्रोजेक्टचा मराठी सारांश वाचून दाखवला, मधे मधे मालवणीत. सगळं शांतपणे ऐकून झाल्यावर तात्यांनी (रापणीतले सगळ्यात जुने, वय विचारलं तर हसतात) एकच प्रश्न विचारला, "पैशे किती गावतले?" मी म्हटलं, "एक पण नाय तात्यानू." "मगे ह्या सगळा कित्याक?" आणि सगळा मांगर हसला. खरं सांगायचं तर पूर्ण अर्जात यापेक्षा चांगला प्रश्न कोणी विचारला नाही. मी काय उत्तर दिलं तर उद्या इथल्या माशांबद्दल कुठल्या ऑफिसात काही ठरत असेल तर आपल्याकडे आपली स्वतःची वही असेल आणि ती वही बाहेरचे लोक पण मानतील. त्यावर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मग तात्या म्हणाले की मग नुसता वजन लिहून काय उपयोग, वारा लिव्हा. मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) किती वाजेपर्यंत होती, खारा वारा (समुद्रावरून येणारा) कधी सुरू झाला, पाण्याला उधाण होतं की भांग (म्हणजे मोठी भरती की छोटी), पाण्याचा रंग कसा. आमच्या शीटमध्ये यातलं एक पण नव्हतं, तापमानाचा लॉगर होता आणि माशाचं वजन होतं. आता चार कॉलम वाढलेत आणि श्रीलंकेवाल्यांनी पण त्यांच्याकडे वाऱ्याची नावं विचारून तसेच कॉलम केलेत. फॉर्मच्या त्या रकान्यात मग आम्हाला खोटं काही लिहावं लागलं नाही.

डेटाचा प्रश्न तर त्याहून अवघड निघाला, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मासेमारीवर काम करणाऱ्या सगळ्यांना हा येणार. दशकाचा आग्रह असतो की माहिती खुली हवी, दुसऱ्याला शोधता यावी, वापरता यावी. तत्त्व म्हणून कोणाला पटणार नाही? पण किनाऱ्याला अमुक गावासमोर आज बांगड्याचा थवा लागला ही माहिती जर त्याच दिवशी सगळ्यांना दिसायला लागली, तर ती आधी कोण वाचेल? रापणीवाला तात्या वाचणार नाहीत, पर्ससीनवाले वाचतील, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटीने थव्याला जाळ्याचा वेढा घालून खालून आवळणारे. आमच्याकडे पारंपरिक विरुद्ध पर्ससीन हा वाद काय नवीन नाही, राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी लाईट लावून मासेमारीला बंदी घातली, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही विचारा रात्री समोर उजेड दिसतो का. तर मांगरातल्या लोकांची भीती अगदी खरी होती. नॉर्वेवाला पोरगा आधी म्हणाला की ओपन म्हणजे ओपन. मग त्याला नकाशावर दाखवलं कुठला किनारा, किती अंतर, कोणाच्या होड्या किती मोठ्या, तेव्हा तोच म्हणाला की मग हंगाम संपल्यावर टाकू. शेवटी ठरलं ते असं, नोंदी हंगाम संपल्यावरच खुल्या करायच्या, रोजच्या नोंदीऐवजी आठवड्याची बेरीज द्यायची, आणि गावाचं नाव न देता तालुका द्यायचा. अर्जात हे कारणासकट स्पष्ट लिहिलं आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही. म्हणजे खुला डेटा म्हणाले की सगळं उघडं करावं लागतं असं घाबरू नका, काय मागे ठेवताय आणि का ते नीट लिहा.

माहिती ओबिससारख्या जागतिक डेटाबेसमध्ये टाकायची म्हणजे माशाचं शास्त्रीय नाव लागतं. बांगडा सोपा आहे, रास्ट्रेलिजर कनागुर्टा. तारली पण सोपी, सार्डिनेला लाँगिसेप्स. पण आपल्याकडे पेडवे म्हणतात ते एकच मासा नसतो, चार-पाच जातीचे बारके मासे एका टोपलीत येतात आणि ओढून दमलेल्या माणसाला तुम्ही प्रत्येक वेगळा करून मोजायला सांगू शकत नाही. तिथे आम्ही सरळ गट म्हणून नोंद करतो आणि अधूनमधून एक टोपली विकत घेऊन घरी बसून वेगळे करतो (आणि मग तळून खातो, ते रिपोर्टमध्ये लिहीत नाही).

बायकांच्या सहभागाचा रकाना बघून मी आधी वैतागले होते, म्हटलं मी स्वतः बाई आहे, झालं की. मग बोलता बोलता आमच्यातल्याच एकीने विचारलं की किनाऱ्यावर मासा आल्यावर त्याचा भाव कोण ठरवतं. बायका ठरवतात. मग भावाची नोंद त्यांच्याकडे का नाही? आता मासळी बाजारात बसणाऱ्या दोघीजणी रोजचा भाव लिहितात, आणि खरं सांगू का, सगळ्यात स्वच्छ वही त्यांची आहे. पुरुषांच्या वहीत रविवार गायब असतो.

एक प्रश्न मात्र वाचून मी खुर्चीतच हसले. पैसे देत नाहीत, पण तुमच्याकडे पैसे आहेत का, किती आलेत, बाकीचे कुठून आणणार हे विचारतात. तर्क बरोबर आहे, काम पुरं होईल का ते बघायला हवंच, पण छोट्या ग्रुपला हे जड जातं कारण शिक्का असेल तर पैसे मिळतील आणि पैसे असतील तर शिक्का मिळेल अशी ती गंमत होते. आमच्याकडे तिन्ही बाजूंचे थोडे थोडे पैसे आधीच मंजूर होते म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे अजून शून्य आहे त्यांनी ॲक्टिव्हिटी म्हणून सुरुवात करावी, एक ट्रेनिंग, एक भेट, तेवढं झेपतं.

सह्यांचा भाग लवकर संपवते कारण आठवून रक्तदाब वाढतो. ज्या संस्थेच्या लेटरहेडवर आमचं पत्र हवं होतं तिथे फाइल 'वर' गेली. वर म्हणजे नक्की कुठे ते कोणालाच माहित नव्हतं. मधे एका साहेबांनी विचारलं की युनेस्को आपल्याला किती देणार, नाही देणार म्हटल्यावर फाइल आणखी वर गेली. श्रीलंकेवाल्यांचं पत्र तेवढ्यात येऊन पडलं होतं. तर पत्राचं काम सगळ्यात आधी सुरू करा, फॉर्म नंतर.

आणि हे नीट वाचा कारण इथे बरेच लोक गोंधळात आहेत. हा शिक्का म्हणजे कुठलीही सरकारी परवानगी नाही. परदेशी जहाजाला किंवा परदेशी टीमला आपल्या समुद्रात संशोधन करायचं तर ती परवानगी भारत सरकारची वेगळी, समुद्र कायद्याच्या करारात कलम २४८ प्रमाणे निदान सहा महिने आधी माहिती द्यावी लागते आणि आपला १९७६ चा सागरी क्षेत्र कायदा आहेच. माशाचा, शेवाळाचा, कशाचाही नमुना बाहेर पाठवायचा म्हटलं की २००२ चा जैवविविधता कायदा लागतो, त्यात संस्था-संस्थांच्या संयुक्त संशोधनाला कलम ५ मध्ये सवलत आहे पण ती आपोआप मिळत नाही, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रोजेक्ट असावा लागतो आणि केंद्राची मंजुरी लागते. आमच्या मूळ आराखड्यात माशाच्या पराचा बारका तुकडा डीएनएसाठी नॉर्वेला पाठवायचं होतं, तो भाग आम्ही काढूनच टाकला, वजन आणि तापमानाच्या आकड्यांवर काम भागतंय तर कशाला ते लफडं. आणि पैसा परदेशातून येणार असेल तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, २०२० च्या बदलानंतर परदेशी पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि एकदा घेतलेला दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक देश आपला आपला खर्च करतो, कोणी कोणाला पैसे पाठवत नाही. कंटाळवाणं वाटेल पण यामुळेच प्रोजेक्ट चालू आहे. युएनचा लोगो दाखवून यातलं काहीही माफ होत नाही, कोणी सांगत असेल तर तो थापा मारतोय.

मग शिक्का मिळाल्यावर मिळालं काय? मान्यतेचं पत्र, साइटवर नाव, लोगो आणि तो कसा वापरायचा कसा नाही याचे नियम, दरवर्षीचा अहवाल. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात जे झालं ते मजेशीर आहे. लग्नपत्रिकेवर आमदाराचं नाव असतं ना, तो आहेर काही करत नाही पण पत्रिका सगळे नीट वाचतात, तसं झालंय. ज्या ऑफिसात आधी उभ्याने बोलायला लागायचं तिथे आता बसायला खुर्ची मिळते. पैसे देणाऱ्या एका संस्थेच्या फॉर्ममध्ये 'हा उपक्रम ओशन डिकेडखाली आहे का' असा रकानाच होता, तिथे हो लिहिता आलं. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे त्याच प्रोग्रॅमखालच्या दुसऱ्या लोकांशी महिन्याच्या कॉलवर भेट होते, त्यातल्या एकाने आमचे लॉगर गंजत होते त्यावर काय लेप लावायचा ते सांगितलं, जे आम्हाला कुठल्याच पेपरात सापडलं नव्हतं. तरुण पोरांसाठी त्यांच्याकडे वेगळा ग्रुप आहे, इकॉप म्हणतात, समुद्राच्या कामात १० वर्षांपर्यंत अनुभव असलेल्यांसाठी. आमच्या एमएस्सीच्या पोरीला त्यातून पहिल्यांदा बाहेरच्या लोकांसमोर बोलायला मिळालं. तिच्या वडिलांनी तो स्क्रीनशॉट अख्ख्या वाडीच्या ग्रुपवर टाकला.

काय मिळालं नाही तेही सांगते. हा शिक्का म्हणजे तुमचं विज्ञान उत्तम आहे असं सर्टिफिकेट नाही. ते तुमचा उपक्रम दशकाच्या हेतूत आणि निकषात बसतो का एवढं बघतात, तुमची संख्याशास्त्राची पद्धत बरोबर आहे का हे तिथे कोणी तपासून देत नाही, ते तुमचं तुम्ही आणि पुढे तुमचे पेपर तपासणारे. काही लोक बातमीत 'युनेस्कोने गौरवलं' असं छापून आणतात, तसं काही नसतं, उगाच हवा. आणि अहवालाचं म्हणाल तर छोट्या टीमला तो खरंच भार आहे, किती लोकांना ट्रेनिंग दिलं, किती बायका, किती पैसे जमवले, कुठला डेटा कुठे टाकला. मोठ्या संस्थेत याला माणूस असतो, आमच्याकडे मीच आहे. प्रोग्रॅमवाल्यांना आणि आम्हाला जवळपास त्याच धाटणीचा अहवाल हे काही मला पटलेलं नाही, बारक्यांसाठी एक पान पुरे होतं.

काही सीनियर लोक म्हणतात की असले शिक्के म्हणजे नवीन फॅड. मला तसं वाटत नाही. हिंदी महासागराचा पहिला आंतरराष्ट्रीय अभ्यास १९६० ते १९६५ मध्ये झाला, अनेक देशांची जहाजं आली, आणि त्याच्याच पोटातून १९६६ ला आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली, गोव्याला दोना पावलाला गेलात तर दिसतेच. त्याच मोहिमेची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यातूनच सुरू झाली, सागर निधी जहाज निघालं तेव्हा, आणि तिच्यातही छोट्यामोठ्या प्रोजेक्टना अर्ज करून मान्यता घ्यायची सोय होती. म्हणजे एकाच समुद्रावर वेगवेगळ्या देशातले लोक काम करतायत आणि सगळ्यांची एक छत्री हवी ही गरज जुनीच आहे, आता फॉर्म ऑनलाइन झाला एवढंच.

कोणी घ्यावा? ज्यांचे बाहेरचे पार्टनर आधीच ठरलेत, थोडाफार पैसा आहे, आणि काम निदान दोन-तीन वर्षं चालणार आहे त्यांनी जरूर घ्यावा. नुसती कल्पना आहे आणि शिक्का मिळाला की पार्टनर शोधू असं असेल तर नका. एका देशातल्या एका कॉलेजचा एका खाडीवरचा अभ्यास असेल तरी प्रोजेक्टमध्ये बसू शकतो, स्थानिक पातळीचे पण घेतात, पण प्रोग्रॅमशी धागा दाखवता आला पाहिजे. आणि दशक २०३० ला संपतंय, त्यामुळे पाच वर्षांचा भव्य आराखडा आता करत बसू नका, दोन हंगामात काय दाखवता येईल तेवढंच लिहा.

इंग्रजीची भीती असेल तर एक सांगते, आमचा अर्ज साध्या शाळकरी इंग्रजीत होता. पहिला ड्राफ्ट एका हुशार माणसाने जड जड शब्दांत लिहिला होता, तो वाचून श्रीलंकेतल्या मॅडमनी विचारलं की यात मासे कुठे आहेत. मग सगळं पुसून परत लिहिलं, कोण, कुठे, काय मोजणार, कोणाला उपयोग. तेवढंच पुरलं.

शेवटचं, सावध राहा म्हणून. हल्ली असे शिक्के मिळवून देतो म्हणणारे कन्सल्टंट निघालेत. आम्हाला एकाचा फोन आला होता, "मॅडम, युएनचं आम्ही करून देतो, पॅकेज आहे," आणि आकडा असा सांगितला की त्यात आमचे सगळे लॉगर नव्याने आले असते. या अर्जाला फी नाही, एक पैसा नाही. फॉर्म सगळ्यांना उघडा आहे, कॉलची कागदपत्रं फुकट डाउनलोड होतात, कोऑर्डिनेटर मेलला उत्तर देतात. कोणाला रापणीचा नोंदीचा नमुना तक्ता हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, वाऱ्याच्या कॉलमसकट पाठवते.